चौकटीतला सल्ला

३ मार्च

ताई,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होते, पण ही गोष्ट तोंडानं बोलायला जीभ रेटत नाही. शिवाय दुकानात माझ्या मागेच फोटोंच्या फ्रेमना रंग देणारे दोघं बसतात, आणि त्यांचे हात थांबले तरी कान चालू असतात.

तू मोठी सिस्टर. मूळव्याध, भगंदर असल्याच दुखण्यांच्या वॉर्डात तुझी अर्धी नोकरी गेली, म्हणून तुलाच विचारते. आम्ही मागच्या बाजूनं संबंध केला. पहिल्यांदाच. लिहून टाकलं एकदाचं.

कुठंतरी ऐकलं होतं की आधी बधिर करणारं मलम लावलं की दुखत नाही. तोंड आल्यावर लावायचं जेल घरात होतं, तेच लावलं. वरून खोबरेल तेल. कंडोम होता, पण तो मध्येच कधीतरी फाटला, कळलंच नाही. त्या वेळी खरोखर काही दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी संडासला बसले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुसल्यावर लाल रक्त. अजून थोडं थोडं दिसतं, आणि बसलं की आग होते. दुकानात दिवसभर उभी असते, लोकांना वाटतं मी फार कामसू झाले.

हे मुळात करावं का? केलं तर कसं करावं? आणि आता काय करू?

एवढी एकच विनंती आहे. ह्यांना यातलं एक अक्षरही लिहू नकोस. हे आपल्या दोघींतच राहू दे. माझा संसार त्यावर आहे असं समज.

धाकटी


९ मार्च

चिमणे,

तुझं पत्र ड्युटी रूममध्ये फोडलं आणि चहा नाकातून बाहेर आला. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी आईच्या जागी मी तुला चार गोष्टी सांगायला बसले होते, तेव्हा तू कानांत बोटं घालून पंख्याकडे बघत होतीस. बारा वर्षांनी बोटं काढलीस ती अशी! आणि तोंडाचं जेल तिकडे लावलंस? अगं, दोन टोकांमध्ये तीस फूट आतडं आहे, काही तरी फरक असेल असं वाटलं नाही?

हसून झालं. आता ऐक. याला गुदमैथुन म्हणतात, शब्दाला दात नसतात. कितीतरी जोडपी करतात, फक्त कबूल करत नाहीत. माझ्या वॉर्डात येतात तेव्हा सगळे बाथरूममध्ये घसरून पडलेले असतात. एक जण तर बसताना नेमका अत्तराच्या बाटलीवर पडला होता, ती काढायला सर्जनला दीड तास लागला. म्हणून सांगते, ज्या वस्तूचं बूड रुंद नाही ती तिकडे न्यायचीच नाही. आतडं गिळतं, परत देत नाही.

बधिर करणारं मलम कधीही नाही. दुखणं हा वॉचमन आहे. तू त्यालाच झोपवलंस, मग घर फुटलं तर नवल काय? त्या जागेला स्वतःचा ओलावा नसतो, म्हणून बाहेरून लावावाच लागतो, आणि भरपूर. पण तेल नाही, व्हॅसलिन नाही. तेलानं रबर कुजतं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती फाटका कंडोम आला! केमिस्टकडे पाण्यासारखी जेली मिळते, ती आणायची. नखं कापलेलं बोट आधी, बाकीचं नंतर, आणि तेही जिला सोसायचं तिच्या इशाऱ्यावर. दुखलं की थांबायचं, "आता थोडंच राहिलंय" हे ऐकून घ्यायचं नाही. मागून पुढे जायचं तर कंडोम नवा, नाहीतर लघवीच्या जळजळीनं महिना जाईल. साबणाचं पाणी आत घालून धुवायचा उद्योग नको, वरून साध्या पाण्यानं धुतलं की पुरे.

तुला आता चीर पडली आहे. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात बस, पाणी पी, फळं-भाज्या खा, संडासला जोर करू नकोस. पूर्ण भरेपर्यंत पुन्हा नाव काढायचं नाही. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. रक्त वाढलं, ताप आला, पू आला, पोट दुखलं, तर लाज कपाटात ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

कंडोम फाटला आणि माणूस परका असेल, तर संसर्ग टाळायच्या गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. तुला त्याची गरज नाही. तुझा नवरा डोंगरातल्या साइटवर क्रेन चालवतो, तिथे क्रेनशिवाय कुणी बाई नाही.

पण एक सांग, हे खूळ त्याचंच ना? तुझ्या डोक्यात असलं येणं शक्य नाही.

ताई


१६ मार्च

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसले. सगळं तू म्हणालीस तसंच करते आहे. रक्त थांबलं, आग कमी झाली. दुकानात आमच्या काच कापणाऱ्यानं मला उंच टेबल करून दिलं, म्हणजे मापं लिहायला वाकावं लागत नाही. कारण त्यानं विचारलं नाही.

खूळ कुणाचं ते विचारलंस. माझं. मलाच हवं होतं. मीच म्हटलं, आधी समोरून नको नको झालं, मग मीच पुन्हा म्हटलं. आणि जखम झाली ती अडाणीपणामुळे झाली, जबरदस्तीमुळे नाही. ताई, मी चाळिशीला टेकले, माझ्या अंगाला काही हवंसं वाटू शकतं हे मलाच इतक्या उशिरा कळलं. तू हसशील, हस.

एक विचारायचं राहिलं. त्या गोळ्यांचे तीन दिवस उलटून गेले असतील तर काय करायचं? रक्त कधी तपासायचं? मला तसा संशय नाही. पण प्रत्येकाच्या मागे एक आयुष्य असतं, आपण त्यात नसतो. एवढं कळव, मग हा विषय बंद.

आणि पुन्हा सांगते, ह्यांना काही लिहू नकोस.

धाकटी


१९ मार्च

जावईबापू,

कळवण्यास दुःख होतं वगैरे मी लिहिणार नाही, कारण दुःखापेक्षा संताप जास्त आहे. तुमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी हे पत्र लाटण्यानं लिहिलं असतं. त्या नाहीत, म्हणून पेननं लिहिते.

आमच्या वॉर्डात फाटलेली बाई आली की मी आधी तिच्या नवऱ्याला बोलावते. जिन्याखाली उभं करून अर्धा तास त्याची शाळा घेते. सगळं हॉस्पिटल त्याला जावयांची शाळा म्हणतं. भलेभले तिथे रडले आहेत. तुम्ही लांब आहात म्हणून तुमचा वर्ग टपालानं.

माझ्या बहिणीला तुम्ही कुठं आणि कशी इजा केलीत ते तुम्हाला ठाऊक आहे. ती बिचारी तुमच्याविरुद्ध शब्दही काढत नाही. उलट लिहिते, मलाच हवं होतं! असं लिहिणाऱ्या बायका मी वीस वर्षं बघते आहे. डोळा काळानिळा असतो आणि म्हणतात, दार लागलं. मध्ये कधी सुट्टीवर येऊन गेलात म्हणायचं; मला कळवायची तसदीही घेतली नाहीत. येऊन दिवे मात्र हे लावलेत. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

दार पुढचं असो की मागचं, आधी कडी वाजवायची, आतून हो आलं तरच पाऊल टाकायचं, आणि जा म्हटलं की निमूट मागं फिरायचं. तोंडाचं जेल हे तोंडासाठी असतं. खोबरेल तेल डोक्याला लावायचं, ज्याला डोकं असेल त्यानं. पाण्याची जेली, नवा कंडोम, कापलेली नखं, आणि बायकोच्या चेहऱ्याकडे लक्ष. यातलं एकही जमत नसेल तर क्रेनशीच लग्न करा, तिला चीर पडत नाही.

शेवटचं. तिनं मला संसर्गाच्या तपासणीबद्दल विचारलं आहे. बायको असं विचारते तेव्हा तिनं काही तरी पाहिलेलं असतं. म्हणजे साइटवर तुमचे काय प्रताप चालतात ते मी समजले. तीन दिवसांत गोळ्या घ्यायची वेळ तर गेली. आता दोघांनी रक्त तपासायचं, एकदा लगेच, एकदा दीड महिन्यानं, आणि पुन्हा तीन महिने झाल्यावर, म्हणजे खात्री होते. तोवर कंडोमशिवाय जवळ जायचं नाही.

उत्तर पाठवा. लाज असेल तर लवकर पाठवा.

तुमची मोठी मेहुणी, सध्या सासूच्या जागी


२ एप्रिल

ताईंना नमस्कार.

आमच्याकडे टपाल आठवड्यातून एकदा जीपमधून येतं, म्हणून उशीर झाला. तुमचं चार पानी पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. पुन्हा संध्याकाळी वाचलं. माहिती चांगली आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. ठाऊक असायचं काही कारणही पडलं नव्हतं.

चोर सोडून तुम्ही संन्याशाला सुळी दिलंत. मी ऑक्टोबरपासून घरी गेलेलो नाही. जानेवारीत तुम्हीच मला पत्र लिहून रागावला होतात, बायकोला विसरलात का म्हणून. रजा मिळत नाही, जूनशिवाय येणं होणार नाही, असं मी तुम्हाला उलटटपाली कळवलं होतं. त्यावर तुमचं उत्तरही आलं होतं. ते माझ्याकडे आहे.

रक्त तपासायला सांगितलंत, तपासून घेतलं. साइटच्या दवाखान्यात आहे सोय. काही दोष निघाला नाही.

रजा मिळत नव्हती ती मी मागून घेतली. साहेबांना म्हटलं, घरी आजारपण आहे. शनिवारी पोचेन. फ्रेमच्या दुकानात एक काम करून घ्यायचं आहे.

तुम्ही कळवलंत हे बरं केलंत. दुसऱ्या कुणी कळवलं नसतं.

आपला


६ एप्रिल

चिमणे,

फोन का उचलत नाहीस? आठ वेळा केला. शेवटी कंटाळून लिहिते आहे.

तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. कोण आहे तो? बारा वर्षांच्या संसाराला लाथ मारायची हिंमत तुला झाली, आणि मला एक शब्द लिहायची झाली नाही? मी आपली नवरा-बायकोची गोष्ट समजून जीव तोडून लिहिते आहे आणि बाईसाहेब तिसऱ्याच घरात!

मला बोल लावू नकोस. मला कसं कळणार होतं? जानेवारीत तो येत नाही म्हणाला होता, हे मान्य. पण माणसं ठरवतात एक आणि करतात एक, मला वाटलं आला असेल. तुझ्या काळजीनं माझं डोकं चालेना. वॉर्डातल्या परक्या बायकांसाठी मी भांडते, सख्ख्या बहिणीसाठी गप्प बसले असते तर तूच म्हणाली असतीस, ताईला काही पडलेलं नाही.

तो आला का? काय म्हणाला? मारलं तर नाही ना? त्याच्या पाया पड, एकदा चूक झाली म्हण, तो शांत माणूस आहे. आणि त्या दुसऱ्याचं नाव सोड. मी तुझ्या भल्याचंच बघितलं, आजपर्यंत दुसरं काही केलं नाही.

लगेच लिही.

ताई


२८ जून

ताई,

तू विचारलं होतंस, त्यांनी मारलं का. नाही. मारलं असतं तर तुझ्या ओळखीचं झालं असतं, तू जिन्याखाली शाळा भरवली असतीस.

ते शनिवारी दुपारी आधी दुकानातच आले. बॅग पायाशी ठेवली, तुझं पत्र काउंटरवर उलगडलं, चारही पानं शेजारी शेजारी मांडली, आणि गिऱ्हाईक बोलतं तसं मला म्हणाले, "बाई, हे फ्रेम करून हवंय. साधी काच लावा, धूसर नको. अक्षर न् अक्षर वाचता आलं पाहिजे." मी गोळा करायला हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे. सगळ्यांना बघू दे, कुठली चौकट शोभेल ते सांगतील."

कोण आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते फक्त बाजूला उभे राहिले आणि बघत होते. रंग देणारे दोघं आले, त्यांनी वाचलं. गुडघ्याच्या बाशिंगापाशी हसू दाबलं, क्रेनच्या लग्नापाशी फुटले. तुला नेहमी वाटायचं ना, तुझं लिहिणं छापायला हवं? लोकांना आवडतं, ताई. मालकांनी वाचलं, तेही मिशीत हसले आणि मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. काच कापणारा आला. त्यानं सावकाश चारही पानं वाचली आणि तो हसला नाही. ह्यांना तेवढं पुरलं. त्याला म्हणाले, "माप तुम्हीच घ्या."

त्यानं माप घेतलं. काच कापली, कडा घासल्या. काप नेहमीसारखा सरळ आला, तो तसाच आहे. ती काच पुढ्यात ठेवून त्यानं एप्रन काढला आणि गेला, तो परत आला नाही. मालक म्हणाले, चौकट बसवा बाई, आणि मग तुम्हीही घरी जा, मला घरंदाज गिऱ्हाईक सांभाळायचं आहे. तेव्हा शेवटचे चार खिळे मी ठोकले. ह्यांनी पैसे दिले आणि पावती मागितली.

फ्रेम स्वयंपाकघरात लागली, ओट्याच्या समोर. चार दिवसांनी ते साइटवर परत गेले. रोज संध्याकाळी ऑफिसातून फोन यायचा, "भिंतीवर आहे ना?" दुसरं काही बोलायचे नाहीत. मी आहे म्हणायचे. खरंच असायची. तीन महिने मी तुझ्या अक्षरासमोर जेवले.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या काचेतून मिळालं, हे तुला सांगायचं होतं. रक्त कधी तपासायचं ते मी तुला विचारलं होतं. तू ते मला लिहिलं नाहीस, त्यांना लिहिलंस. भाजी चिरताना वाचलं, लगेच, दीड महिन्यानं, तीन महिन्यांनी. तसंच केलं. काल शेवटचा रिपोर्ट आला, रक्त स्वच्छ आहे. चीर एप्रिलमध्येच भरली होती. तुझा सल्ला बरोबर होता, ताई, त्यात एकही चूक नाही. दुखणारं सगळं बरं झालं आणि बाकीचं तू मोडलंस.

रिपोर्ट द्यायला एक तरुण डॉक्टरबाई होती, तुझ्या मुलीच्या वयाची. तिनं पेनचं टोपण चावत विचारलं, "तुम्हाला हवं होतं ना?" मी हो म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि पुढचा प्रश्न विचारला. एवढंच. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि खूप रडले. हेच उत्तर मी तुला मार्चमध्ये लिहून दिलं होतं. त्या अनोळखी मुलीनं ते खरं मानलं. तू वीस वर्षांत इतक्या बायकांचं खोटं ओळखलंस, की बहिणीचं खरं तुला ओळखता आलं नाही.

आणि तुला ठाऊक होतं. ते जूनशिवाय येणार नाहीत हे तुला लेखी ठाऊक होतं. दोनदा मी हात जोडले होते, लिहू नकोस. पण तुझ्या हातात एवढं चांगलं वाक्य आलं होतं क्रेनच्या लग्नाचं, ते वाया कसं जाऊ देणार?

ज्यानं मला उंच टेबल करून दिलं तो कुठं आहे, मला माहीत नाही. मी शोधलं नाही. त्याला माझ्याकडे बघायला लागू नये असं वाटतं.

आज सकाळी मी फ्रेम उतरवली आणि घरातून निघाले. पाकिटावर माझा पत्ता नाही, शोधू नकोस. पत्राबरोबर पार्सल आहे, फोडताना जप, काच आहे. जिन्याखाली लाव, जावयांना वाचता येईल अशा उंचीवर. मजबूत आहे, सहज पडणार नाही. काच त्यानं कापली आहे आणि चौकट मी ठोकली आहे. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम.

धाकटी